बाबांचे नाक आणि भिंतीवरचे शून्य

आमच्या घरात गॅसची गळती शोधण्याचे काम कित्येक वर्षे बाबांच्या नाकाकडे होते. सिलिंडर बदलला की ते रेग्युलेटरपाशी वाकून दोनदा खोल श्वास घेत आणि मग "काही नाही, कर चालू" असे म्हणत. त्यांच्या या निकालावर कुणी अपील केल्याचे मला आठवत नाही. शेगडीचे बटण अर्धवट उघडे राहिल्याचे त्यांनी एकदा शेजारच्या खोलीत बसून ओळखले होते आणि ती हकिकत पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागली. त्यामुळे मी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर घरी आणला, तेव्हा तो त्यांना आपल्या नाकावरचा अविश्वास वाटला, यात नवल नव्हते. खोके उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, "अगं, वास आला की कळतंच ना आपल्याला!"

सगळा घोळ याच वाक्यात आहे, आणि तो केवळ बाबांचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास त्याचा स्वतःचा नसतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन्ही वायूंना जवळजवळ गंध नाही; गळती लक्षात यावी म्हणून त्यांत एथिल मरकॅप्टनसारखे उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. म्हणजे बाबांच्या नाकाला आम्ही जे श्रेय देत आलो, त्यातला मोठा वाटा कुणा रसायनतज्ज्ञाचा होता. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ही सोय करताच येत नाही, कारण तो नळीतून येत नाही, तो ज्योतीत तयार होतो. जळणाऱ्या इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला, तर त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो; ऑक्सिजन कमी पडला, तर काही कार्बनचे जळणे अर्ध्यावरच राहते आणि जे उरते ते कार्बन मोनॉक्साइड. इशारा देणारे ते वासाचे द्रव्य तोवर त्याच ज्योतीत जळून गेलेले असते. नाकाने वर्षानुवर्षे गिरवलेला धडा इथे नुसता अपुरा पडत नाही, तो दिशाभूल करतो, कारण वास येत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे आपण त्याच धड्याच्या बळावर मानून बसलेलो असतो.

डिटेक्टर आणण्यामागे कोणतीही दुर्घटना नव्हती. थंडीचे दिवस होते आणि सकाळी माझे डोके दुखत असे. कपाळाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखी ती जड दुखणी असे. कधी थोडी मळमळ, कधी जिना चढताना उगाच लागलेली धाप. ताप नाही, सर्दी नाही. झोप अपुरी झाली, चष्म्याचा नंबर वाढला, पाणी कमी प्यायले गेले, अशी कारणे मी रोज नव्याने शोधत होते. बाबांचे नेमके उलटे होते. सकाळी भरपूर वेळ गरम पाण्याने अंघोळ करून ते बाहेर येत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटून म्हणत, "डोकं कसं हलकं हलकं होतं!" तो हलकेपणा आम्ही सगळ्यांनीच गरम पाण्याच्या खाती जमा केला होता. एके दिवशी ते खुर्चीपर्यंत जाताना भिंतीला टेकले, म्हणून मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्यावर ९८ आले आणि आम्ही दोघेही निश्चिंत झालो.

त्या ९८ चा अर्थ मला फार उशिरा कळला. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक ओढीने चिकटतो. ऑक्सिजनची जागा तो बळकावतोच, शिवाय उरलेला ऑक्सिजनही हिमोग्लोबिनकडून पेशींना सहजासहजी सुटू देत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या आधाराने रक्ताचा रंग जोखतो, आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लालभडक दिसते. त्यामुळे रक्त विषाने भरत असतानाही आकडा उत्तम येऊ शकतो. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. शरीरात शिरलेला हा वायू लगेच बाहेरही पडत नाही. मोकळ्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर हा अवधी तास-दीड तासावर येतो. सकाळच्या अंघोळीचा हिशेब दुपारपर्यंत मिटत नाही, असा याचा अर्थ.

हे सगळे समजण्याआधी गिझर दुरुस्त करणारे एक गृहस्थ घरी आले होते, तेही पाणी नीट तापत नाही या तक्रारीवरून. त्यांनी गॅस गिझरचे पुढचे झाकण काढले, आतल्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांवरून बोट फिरवले आणि ते बोट माझ्यासमोर धरले. पेराएवढ्या भागावर मखमलीसारखी काजळी होती. मग त्यांनी नळ सोडून ज्योत पेटवली. ती निळी नव्हती. तिची टोके पिवळी होती आणि ती आळसावल्यासारखी डुलत होती. "ही काजळी म्हणजे न जळलेला गॅस," ते म्हणाले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे विधान काटेकोर नव्हते, पण त्याचा आशय अगदी बरोबर होता. त्यांनी पट्ट्या साफ केल्या, बर्नर झटकला आणि निघताना सहज विचारले, "बाथरूमची खिडकी उघडी ठेवता ना?" थंडीच्या दिवसांत आम्ही ती अर्थातच बंद ठेवत होतो.

बंद न्हाणीघरात काय घडते, ते एकदा मनाशी स्पष्ट झाले की विसरता येत नाही. ज्योत खोलीतला ऑक्सिजन वापरते आणि आपली जळालेली हवा त्याच खोलीत सोडते. ती हवा फिरून ज्योतीकडेच येते. तिच्यात ऑक्सिजन कमी असल्याने ज्योत आणखी अपुरी जळते आणि अधिक मोनॉक्साइड तयार करते. हे चक्र दर मिनिटाला बिघडत जाते, आणि आत उभ्या असलेल्या माणसाला मात्र पाणी छान तापल्याचे समाधान असते. धुमसणाऱ्या कोळशाची शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, खिडकीलगतचा जनरेटर, पक्ष्याच्या घरट्याने तुंबलेले धुराडे, या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. त्यातही निखारे अधिक फसवे, कारण धूर संपला की ते निरुपद्रवी वाटू लागतात आणि ऊब मिळावी म्हणून माणसे ते उचलून आत आणतात.

खरेदीच्या वेळी माझाही गोंधळ झाला होता. एकाच फळीवर दिसायला सारखी तीन-चार पांढरी यंत्रे होती: एक धुराचे, एक गॅसगळतीचे, एक कार्बन डायऑक्साइड मोजणारे आणि एक मला हवे असलेले. यांपैकी एकाचे काम दुसरे करत नाही. धुराचा अलार्म धुरातले सूक्ष्म कण ओळखतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या हवेतल्या मोनॉक्साइडसमोर तो मुका असतो. गळतीच्या यंत्राला न जळलेला गॅस कळतो. मी घेतलेल्या यंत्रात विद्युत-रासायनिक संवेदक आहे: एका लहानशा कुपीत आम्लाचे द्रावण आणि त्यात इलेक्ट्रोड असतात, मोनॉक्साइड आत शिरला की इलेक्ट्रोडवर त्याचा डायऑक्साइड होतो आणि त्या क्रियेतून अतिशय क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. वायू जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. ज्योतीने अर्धवट सोडलेले काम ती कुपी पूर्ण करते आणि त्या कामावरूनच हवेतल्या विषाचे मोजमाप करते, ही कल्पना मला फार आवडली.

यंत्र कुठे लावायचे, यावरून बाबांचा आणि माझा खरा वाद झाला. बाबांचे म्हणणे, गॅस खाली बसतो, तेव्हा ते जमिनीलगत हवे. हेही त्यांच्या अनुभवाचेच बोल होते आणि सिलिंडरच्या गॅसपुरते ते खरेही होते. शेवटी मी एका कागदावर आकडे मांडले. हवेचा सरासरी रेणुभार २९, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८, कार्बन मोनॉक्साइडचा २८. म्हणजे तो हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ तिच्याच वजनाचा. तो तळाशी साचत नाही, हवेत सगळीकडे मिसळतो आणि तापलेल्या हवेबरोबर वर चढतो. बाबांनी कागद घेतला, चष्मा लावला, बेरीज तपासावी तसे ते आकडे तपासले आणि मग स्टूल आणायला स्वतःच उठले.

माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत पुष्कळ शहाणपण होते. ज्या उपकरणापासून धोका आहे, त्याच्या अगदी डोक्यावर यंत्र नको. १ ते ३ मीटर अंतर असावे. न्हाणीघरात नको, कारण वाफेने संवेदक खराब होतो. खिडकीच्या झोतात, पंख्याखाली, पडद्यामागे किंवा हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात नको. आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ एक तरी हवेच, कारण झोपलेल्या माणसाला डोकेदुखीचा इशाराही मिळत नाही. या सगळ्या अटी पाळणारी जागा म्हणजे न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या यांच्या मधल्या बोळातली भिंत. दोन भोके, दोन प्लास्टिकचे प्लग, दोन स्क्रू. काम दहा मिनिटांचे होते. पहिले भोक थोडे तिरपे गेले आणि यंत्र आजही डावीकडे किंचित कललेले दिसते. चाचणीचे बटण दाबल्यावर त्याने अशी किंचाळी फोडली की बाबा स्टूलावरून जवळजवळ उतरलेच. चार तीव्र बीप, मग विराम, पुन्हा चार. हे बटण बॅटरी, भोंगा आणि आतली जोडणी तपासते, संवेदकाला वायू ओळखता येतो की नाही हे सहसा तपासत नाही, हेही त्याच पत्रकात होते. बहुतेक जण ती ओळ वाचत नसावेत.

बाबांचा या यंत्राशी खरा स्नेह जमला तो खाणींतल्या पक्ष्यांच्या हकिकतीमुळे. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून आपल्यावर होणारे परिणाम नोंदवले, आणि १८९६ साली कोळशाच्या खाणींतल्या स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंची मीमांसा केली. स्फोटाच्या धक्क्यापेक्षा नंतर साठलेला हा वायूच अधिक कामगारांचा जीव घेतो, असे त्याच्या पाहणीत आढळले. लहान प्राण्यांचा श्वसनाचा वेग मोठा, म्हणून विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. त्यामुळे खाणीत जाताना असा एखादा जीव सोबत न्यावा, अशी त्याची सूचना होती. १९११ पासून ब्रिटिश खाणींत पिवळे कॅनरी पक्षी नेले जाऊ लागले, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे येऊन त्यांची सुटका व्हायला १९८६ साल उजाडले. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनची छोटी नळकांडी बसवलेली असे. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचे दार लावून घेत आणि नळकांडी उघडून त्याला शुद्धीवर आणत. हा तपशील ऐकून बाबा बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडी यंत्राचे नाव 'पाखरू' झाले. अंघोळीहून आले की ते विचारत, "पाखरू काय म्हणतंय?" मी सांगत असे, "शून्य."

आता त्या शून्याविषयी. दोनेक आठवड्यांनी माहितीपत्रक पुन्हा चाळताना मला 'पीक' नावाच्या बटणाचा उल्लेख सापडला: मागच्या वेळी पुसल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा ते बटण दाखवते. मी बोळात जाऊन सहज म्हणून ते दाबले. पडद्यावर ८७ आले.

मी ते पुन्हा दाबले. ८७च. भोंगा एकदाही वाजला नव्हता आणि आम्ही रोज विचारून रोज शून्य ऐकत होतो. आधी मला यंत्रच सदोष वाटले. मग मी अलार्मच्या वेळांचे कोष्टक नीट वाचले. हे यंत्र नुसत्या आकड्यावर ओरडत नाही, आकडा आणि वेळ यांच्या गुणाकारासारख्या हिशेबावर ओरडते, कारण रक्तात विष हळूहळू साठत असते. अमेरिकेतील यूएल २०३४ या मानकानुसार हवेत ७० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ७० भाग मोनॉक्साइड असेल, तर अलार्म एक ते चार तासांत वाजला पाहिजे. १५० असेल तर १० ते ५० मिनिटांत, आणि ४०० असेल तर ४ ते १५ मिनिटांत. युरोपातील ईएन ५०२९१ हे मानक थोडे कडक आहे: ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटे, १०० ला १० ते ४० मिनिटे आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. आमच्या बोळात ८७ पर्यंत गेलेली हवा थोड्या वेळाने विरून जात होती, म्हणून यंत्र नियमाप्रमाणे गप्प होते. मात्र ते ८७ बोळातले होते, दार उघडल्यावर बाहेर येऊन पातळ झालेल्या हवेचे. दाराच्या आत किती असेल, हा प्रश्न मी बाबांपुढे मोठ्याने उच्चारला नाही. तो त्यांनीच उच्चारला.

शून्यही खरे शून्य नव्हते. अनेक यंत्रे ३० पीपीएमच्या खालचा आकडा पडद्यावर दाखवतच नाहीत. आमचे त्यांपैकीच एक. उगाच वाजून लोकांचा विश्वास उडू नये, म्हणून असे केलेले असते, आणि हा विचार चुकीचाही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत चोवीस तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन पीपीएमच्या आसपास, इतकीच मर्यादा सांगितली आहे. घरातला अलार्म जीव वाचवण्यासाठी असतो, हवा निर्मळ आहे असे प्रमाणपत्र देण्यासाठी नसतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकार असलेले लोक ज्या घरात आहेत, त्यांनी तर पडद्यावरच्या शून्यावर समाधान मानू नये.

त्याच आठवड्यात गिझर न्हाणीघरातून काढून बाहेरच्या उघड्या जागेत बसवला. आत आता फक्त गरम पाण्याचा नळ येतो. पुढच्या काही दिवसांत माझी डोकेदुखी गेली. बाबांचे 'हलके हलके' होणेही गेले, आणि त्याबद्दल त्यांनी चार दिवस थोडी हळहळही व्यक्त केली.

राहिला प्रश्न यंत्र वाजले तर काय करायचे याचा. मला स्वतःला हा भाग यंत्र लावण्यापेक्षा अवघड वाटला. या विषाचा परिणाम सर्वांत आधी मेंदूवर होतो. गोंधळ, सुस्ती, 'जरा पडावे' अशी इच्छा ही त्याचीच लक्षणे आहेत. ज्या बुद्धीने धोका ओळखून निर्णय घ्यायचा, तीच आधी मंदावलेली असते. म्हणून आम्ही निर्णय आधीच घेऊन ठेवले. वाजले की कारण शोधत बसायचे नाही. वाटेत हाताशी येईल ती खिडकी उघडायची, सर्वांनी बाहेर पडायचे, माणसे मोजायची, बाहेरूनच मदतीसाठी फोन करायचा आणि तपासणी झाल्याशिवाय आत जायचे नाही. एका रविवारी याची तालीम केली. मी बटण दाबले, सगळे बाहेर आले आणि मोजताना बाबा कमी भरले. ते चष्म्यासाठी परत गेले होते. त्या दिवसापासून दरवाज्याजवळच्या खिळ्याला त्यांचा जुना चष्मा टांगलेला असतो.

खोटे इशारेही आम्ही पाहिले. बोळाच्या टोकाशी शिशाची मोठी बॅटरी चार्जिंगला लावली होती, तेव्हा मध्यरात्री पाखरू ओरडले. चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन त्या संवेदकाला मोनॉक्साइडसारखाच भासतो. आम्ही सगळे थंडीत बाहेर उभे राहिलो आणि कुणी चिडले नाही, याचा मला अजून आनंद वाटतो. दुसऱ्या एका पहाटे दर मिनिटाला एकच बारीक 'चिक' ऐकू येऊ लागली. तो वायूचा इशारा नव्हता, बॅटरी संपत आल्याचा होता. गारठ्याने बॅटरीचा दाब आणखी उतरतो, म्हणून ही चिकचिक बहुधा पहाटेच सुरू होते. अशा वेळी झोपमोड झालेला माणूस बॅटरी काढून यंत्र उशाशी ठेवतो आणि नवी घालायचे विसरतो. शांत असलेले यंत्र आणि मेलेले यंत्र भिंतीवर सारखेच दिसतात.

संवेदकालाही वय असते. यंत्राप्रमाणे ते पाच, सात किंवा दहा वर्षांचे असते, आणि मुदत मागच्या बाजूला छापलेली असते. म्हणजे भिंतीला लावले की ती दिसेनाशी होते. बाबांनी ती मार्करने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. मागच्या महिन्यात ती तारीख आली. जुने यंत्र उतरवले तेव्हा त्याच्या जागी भिंतीवर थोडा उजळ, किंचित डावीकडे कललेला चौकोन उरला होता. नव्या यंत्राची भोके त्याच जागी जुळली. चालू केल्यावर संवेदक स्थिर होईपर्यंत पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. बाबा स्टूल धरून उभे होते. आकडे संपले आणि शून्य आले.

"पीकचं दाब," ते म्हणाले.